भात लागत होता

धाकट्या बहिणीचं ते पत्र आलं नसतं तर मी आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावला नसता. ती चार वर्षांपूर्वी नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेली होती. सत्तरच्या दशकात आमच्या बेटावरच्या, पितों गावाच्या बाजूच्या कितीतरी मुली अशा गेल्या. इथे नोकऱ्या नव्हत्या आणि तिथल्या इस्पितळांना माणसं हवी होती. ती फ्रेंचमध्ये लिहायची, मध्येमध्ये क्रिओल, म्हणजे आमच्या बेटाची बोली. आईला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे पत्र मी मराठी करून वाचून दाखवायची. त्या पत्राच्या शेवटी होतं: ‘ताई, आईचा चेहरा आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. तिचा एक फोटो पाठव. तोंड नीट दिसेल असा.’

हे मी आईला वाचलं नाही. ‘तुझा फोटो मागतेय’ एवढंच सांगितलं.

मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून बसले. डब्यात पंधरा-वीस फोटो होते. लग्नं, बारशी, देवळातला गणपती. एका फोटोत आईचा खांदा होता, एकात पाठ, एकात ती ऊसतोडीला जातानाची गवती टोपी आणि टोपीखाली नुसता अंधार. मामाच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी नवरीच्या गाडीचे चार फोटो काढले होते. दोनशे माणसांचा स्वयंपाक ज्या बाईने केला तिचा एकही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कुणावर काढावा कळेना, म्हणून डबा आपटून बंद केला.

मी तेव्हा बो बासेंला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होते. आमच्या वर्गातला एक जण बायकामुलांसह ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला होता आणि घरातल्या वस्तू विकत होता. बाकीच्या मुलींनी इस्त्री, पडदे, प्रेशर कुकर घेतला. मी त्याचा एसएलआर कॅमेरा घेतला. जड, काळा, गळ्यात अडकवला की मान खाली ओढणारा. भिंगातून जे दिसतं तेच डोळ्याला दिसतं, आणि बटण दाबलं की आतला आरसा खाडकन उडतो. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा मला वाटलं मोडला.

बरोबर एक फ्रेंच पुस्तिका होती. तिने मला जितकं छळलं तितकं कुठल्या सासूने सुनेला छळलं नसेल. भिंगाभोवतीच्या कड्यावर आकडे होते, दोन, चार, आठ, सोळा. दोनवर उजेड आत सोडणारं भोक मोठं आणि सोळावर बारीक! दिवसभर सरावाच्या वर्गात मी पोरांच्या डोक्यात भरवायची की सोळा दोनपेक्षा मोठे, आणि संध्याकाळी हे यंत्र मला सांगायचं की नाही बाई, उलटं. दुसरा एक आकडा शटरचा, तिसरा रोलचा. एक फिरवला की दुसरा चुकायचा. पुस्तिकेत सगळीकडे एक सोनेरी केसांची बाई समुद्रकिनारी हसत होती. तिचं सगळं बरोबर येत होतं.

पण एक नियम सोपा होता, आणि मी तो घट्ट धरला. डोळा लावला की आत उजव्या बाजूला एक सुई दिसायची. कडी फिरवत ती सुई मध्यावर आणायची. सुई मध्यावर, फोटो बरोबर. असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

पहिला रोल मी एका रविवारी आईवर घालवला. ती लावारांगात, म्हणजे आमच्या व्हरांड्यात, तांदूळ निवडत बसली होती. मागे नुकताच तोडलेला ऊस आणि वर पांढरंफेक आभाळ. मी छत्तीस वेळा सुई मध्यावर आणली आणि छत्तीस वेळा बटण दाबलं. आई म्हणाली, “आयो, किती ते! पोर्त्रे काढतेस का पाखरं मारतेस?”

रोल धुवायला क्युरपिपला नेला. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या त्या माणसाने क्युरपिपमधल्याच एका दुकानाचं नाव सांगितलं होतं. पितोंहून क्युरपिप म्हणजे बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या बाजूला जाणं. बस बदला, रांगेत उभं राहा, आणि पोचलं की तिथे पाऊस असणारच. आठवड्याने भिजत परत गेले तर दुकानदाराने गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. उसाचं पान न् पान दिसत होतं. आभाळातला ढग मोजून घ्यावा असा. आणि मधोमध आईच्या आकाराचा एक काळा डाग. छत्तीसच्या छत्तीस. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही.

मी म्हटलं, हे काय आहे? तो चष्मा पुसत म्हणाला, “माम्झेल, मो फेर पोर्त्रे, मो पा फेर मिराक.” मी फोटो करतो, चमत्कार करत नाही. मग आवाज खाली आणून, जणू माझ्यावर उपकार म्हणून, त्याने सांगितलं की आई जरा सावळी आहे ना, त्यामुळे असं व्हायचंच. हवा तर एक नीट करून देतो, रतूश करून. रतूश म्हणजे ब्रशने रंगवणं.

मी त्याला खूप काही बोलायला हवं होतं. तोंडात शब्द होते, तीन भाषांतले. पण बाहेर पाऊस होता, बस सुटायची होती आणि बहीण फोटोची वाट पाहत होती. मी ‘करा’ म्हटलं. त्या एका ‘करा’चा मला अजून संताप येतो.

रतूश केलेल्या फोटोत आईच्या जागी एक गोरी बाई बसली होती. कोरलेल्या भुवया, बारीक जिवणी, गाल दुधाचे. तांदळाचं सूप तेवढं आमचं होतं. मला वाटलं आई बघून फाडेल. तिने तो पदराने पुसला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, “ब्येस केलंय. ह्योच धाड.”

“आई, ही तू नाहीस.”

“मग कोन, तुजी मावशी?” आणि तिने तो देवाजवळ नेऊन ठेवला. मी पाकिटात घालायला उचलला तेव्हा तिचा चेहरा पडला, हेही मी पाहिलं.

महिन्याभराने उत्तर आलं. बाकी सगळं हवापाण्याचं होतं आणि मध्येच एक ओळ: ‘ताई, ही बाई कोण? मला आई पाहिजे.’

आईने विचारलं, “पोर्त्रे मिळाला का तिला? काय म्हनते?” मी म्हटलं, छान आहे म्हणते. पुन्हा खोटं बोलले, आणि या वेळी दात-ओठ खात. राग दुकानदारावर होता, त्या सुईवर होता, पण खरं सांगायचं तर बहिणीवर सर्वात जास्त होता. ही तिकडे बसून फर्माईश करणार. मी रोज आईची बोलणी खायची, तिच्या गुडघ्यांना तेल चोळायचं, आणि आईचा चेहरा पोस्टाने हिला धाडायचा! आठवायला डोळे मिटावे लागतात म्हणे. मिट की. मला उघडे ठेवावे लागतात.

पण कॅमेरा काही मी सोडला नाही. जिद्द म्हणा, नाहीतर हट्ट म्हणा. पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली, या वेळी शब्दकोश घेऊन. आणि शेवटून तिसऱ्या पानावर मला माझाच गाढवपणा सापडला. त्या पानाचं शीर्षक होतं ‘कोंत्र-झूर’. कोंत्र म्हणजे विरुद्ध, झूर म्हणजे दिवस. दिवसाच्या विरुद्ध काय? रात्र. म्हणून पहिल्या वेळी मी ते पान रात्रीच्या फोटोंचं समजून उलटलं होतं. आम्हाला रात्री कशाला काढायचेत फोटो? शब्दकोशात पाहिलं तर अर्थ निघाला, उजेड पाठीमागे असताना. सहा ओळी होत्या. माणसाच्या मागे झगझगीत आभाळ असेल तर सुई आभाळाचं ऐकते, माणसाचं नाही. सुईकडे लक्ष देऊ नका, कडं दोन घरं फिरवून भोक मोठं करा.

म्हणजे आईच्या रंगाचा काही संबंधच नव्हता. ती किनाऱ्यावरची सोनेरी बाईसुद्धा तिथे बसली असती तर काळीच आली असती. सुई आभाळ मोजत होती, मी सुईचं ऐकत होते, आणि तो चष्मेवाला रंगाचं खापर माझ्या आईवर फोडून ब्रश चालवत होता. तो दिवसभर हेच काम करणारा. त्याला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

मग सराव. रोल वाया घालवायचा नाही, म्हणून रिकाम्या कॅमेऱ्यानेच. चुलीवरची काळीकुट्ट देक्सी, म्हणजे भाताचं पातेलं, लावारांगाच्या कठड्यावर ठेवायची, मागे आभाळ, आणि सुई बघायची. मग अगदी जवळ जाऊन नुसत्या देक्सीवर सुई बघायची. दोन्हींत किती घरांचा फरक ते वहीत लिहायचं. आई दोन-तीन दिवस बघत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, “देक्सीवर शिकतेस माजं तोंड काढायला? मी देक्सी व्हय गं?” मी हसले. ती हसली नाही.

दुसरा रोल भरला तो रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. आई चुलीपाशी होती, दारातून उजेड येत होता. मी म्हटलं, आधी चार-पाच असेच काढून अंदाज घेऊ, मग तिला चांगलं लुगडं नेसवून बसवू. पहिला काढला, दुसरा काढला. दुसऱ्याला आरसा खाडकन वाजला तशी ती वळली, आणि तिसरा निघाला तो तिच्या तोंडासमोरच. हात वर, तोंड उघडं, कपाळावरची शीर फुगलेली.

“ठेव तो डबा खाली! पोर्त्रे धाडून काय हुनार? चार वर्सं झाली. तिला लिव, ये म्हनावं! आईचं तोंड बघायचं आसंल तर ये म्हनावं, हितं!”

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मी न वाचलेल्या ओळीसुद्धा. माझ्या वाचण्यातल्या अडखळण्यावरून तिने ताडलं असणार. तिने डोळे पुसले, धुराने चुरचुरतात म्हणाली, आणि आत जाऊन स्वतःच हिरवं लुगडं नेसून आली.

मग लावारांगात बसली, आणि मी सुईला तिच्या जागी ठेवून, दोन घरं उघडून, एकामागून एक तीसेक फोटो काढले. सरळ बसलेली, जरा हसलेली, हात मांडीवर. मला आतून कळत होतं की हे बरोबर आलेत. पहिल्यांदा मी त्या यंत्राची मालकीण होते. पस्तीस झाले.

इथे काका आले. माझे चुलते, शेजारीच राहायचे. वडील गेल्यापासून घरातलं बाप्याचं काम तेच बघायचे. साखर कारखान्यात फिटर होते. गावातला रेडिओ, सायकल, शिवणयंत्र, बिघडलं की काकांकडे, आणि काका आधी उघडायचे, मग विचार करायचे. माझ्या मनात आलं, शेवटच्या फोटोत आईबरोबर मीही असावं. का नसावं? मीही त्या घरात राहत होते. कड्या सगळ्या लावून कॅमेरा काकांच्या हातात दिला आणि म्हटलं, “शेवटचा आहे काका, मग रोल काढायचा. मी बसते, मी सांगितलं की काढा.”

जाऊन आईशेजारी बसले, केस सारखे केले, आईचा हात हातात घेतला आणि ओरडले, “काढा!”

काका बटण दाबेनात. कॅमेरा उलटा करून बघायला लागले. मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून क्रिओलमध्येही ओरडले, “तीर ली, काका, तीर ली!” आता क्रिओलमध्येही तेच. फोटो काढायचा तरी तीर, खिळा उपटायचा तरी तीर. दोन्ही भाषांनी मिळून माझा घात केला. काकांनी कडेची कळ वर ओढली, पाठीमागचं झाकण फटकन उघडलं, आणि भर उन्हात त्यांनी रोल बाहेर काढला. हातभर फिल्म लोंबत होती. मला दाखवून म्हणाले, “काढला बघ.”

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ज्यांच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेले त्यांना मी अडाणी म्हटलं, रानटी म्हटलं. ते म्हणत राहिले, “तूच म्हनलीस काढा. तूच म्हनलीस रोल काढायचा.” आणि म्हणाले ते खरंच होतं. कोंत्र-झूरला रात्र समजणाऱ्या बाईने त्यांना अडाणी म्हणावं! पण हे सुचतं मागून. आई मध्ये पडली तर तिच्यावरही ओरडले. काका फिल्म माझ्या मांडीवर ठेवून निघून गेले. दोन महिने आमच्या उंबऱ्यावर आले नाहीत.

मी ते सगळं कोंबून झाकण लावलं, कॅमेरा घोंगडीत गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवून क्युरपिपला गेले. दुकानदाराने घोंगडी पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि गाठोडं अंधाऱ्या खोलीत नेलं. बाहेर आला तेव्हा म्हणाला, बाहेरचे वेढे सगळे गेले. हिरव्या लुगड्यातले तीसेकही. अगदी आतल्या वेढ्यातले, म्हणजे सर्वात आधी काढलेले, तीन वाचलेत. दोन हललेले होते. तिसरा आला होता.

कडेने उजेडाने खाल्लेला, डावीकडे पांढरा पट्टा. आणि मध्ये आई. हात वर, तोंड उघडं. कपाळावरची शीर दिसत होती, नाकाशेजारचा तीळ दिसत होता, पुढच्या दातातली फट दिसत होती. सावळी, जशी आहे तशी, आणि भयंकर रागावलेली.

दुकानदाराने ब्रशाच्या डब्याकडे हात नेला. “रतूश?”

“हात लावलात तर बघा,” मी मराठीतच म्हटलं. त्याला बरोबर समजलं.

आईने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, “ही राकसीन कुनाला धाडू नगंस.” मी तिला न सांगता धाडला.

बहिणीचं उत्तर नेहमीपेक्षा लवकर आलं, आणि ते मी पहिल्यांदाच अक्षर न गाळता वाचलं. ‘ताई, हीच. पाकीट उघडलं आणि मी दचकून हात मागे घेतला, आता धपाटा बसणार म्हणून. मग इतकी रडले की शेजारच्या खोलीतली मुलगी धावत आली. रोज उशीखाली ठेवते. फक्त एक सांग, आई तेव्हा काय म्हणत होती?’

आई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता थांबली. मला वाटलं फोटो धाडल्याबद्दल आता माझी खैर नाही. पण तिने ती ओळ पुन्हा वाचायला लावली, मग आणखी एकदा. मग बराच वेळ सुपातल्या एकाच खड्याभोवती बोट फिरवत राहिली.

“लिव,” ती म्हणाली. “भात लागत व्हता म्हनून वरडत व्हते.”

“आई, तू म्हणाली होतीस—”

“काय म्हनले ते मला म्हाईत हाय. भात लागत व्हता, लिव.”

मी लिहिलं. पेन माझ्या हातात होता, ती भाषा आईला वाचता येत नव्हती, आणि खाली चार बोटं कागद कोरा होता. एवढी पत्रं मी मनासारखी बदलून वाचली होती. त्या दिवशी मात्र आईने सांगितलं तेच, शहाण्या मुलीसारखं, जसंच्या तसं लिहिलं. आईचा मान राखला असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. मला वाटत होतं, चेहरा मिळाला ना तुला? मग बाकीचं मला राहू दे.

बहीण आली ती ऐंशीचं दशक अर्धं सरल्यावर, आई गेल्याची तार मिळाल्यावर, आणि तरी दोन दिवस उशिरा. देवाजवळ रतूशवाल्या फोटोची दुसरी प्रत हार घालून ठेवली होती. आईनेच ती आधी करून घेतली होती. बहिणीने तिच्याकडे बघितलंही नाही. पर्समधून आपला फोटो काढला. कोपरे झिजून गोल झाले होते. तो मांडीवर ठेवून ती डोळे पुसत हसली.

“तिकडे कुणाचाही भात लागला ना ताई, त्या वासाने मला बरं वाटतं,” ती म्हणाली. “लागलाच होता ना गं त्या दिवशी?”

काका दाराशी उभे होते. ते त्या रविवारी चुलीपाशी नव्हते, त्यांना काही माहीत नव्हतं. माहीत फक्त मला होतं.

मी म्हटलं, “हो. अगदी करपला होता.”